ऑक्टोबरातला फोन

टीव्हीवर तीन माजी बेसबॉलपटू हमरीतुमरीवर आले होते. वाद एकच: गुणी असून ज्याची कुणी कदर केली नाही, असा खेळाडू कोण? मी फोन मांडीवर ठेवून ऐकत होतो. ऑक्टोबरात क्लबचा फोन आला आणि सूट घालून बोलावलं, की त्या खेळाडूचा खेळ संपला. आमच्या जपानात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आता तुमचंच नाव घेतील, बघा," भात वाढता वाढता माझी बायको फुमिए म्हणाली.

"गप्प बस गं."

"का म्हणून? अकरा वर्षं स्वतः बाद होऊन दुसऱ्यांना पुढे सरकवलंत. यांचे काय डोळे फुटलेत?"

तेवढ्यात त्यांच्यातला टकल्या टेबलावर हात आपटून ओरडला, "शिमोमुरा! तो नसेल तर तो संघ लंगडा आहे!"

फुमिएने टाळीच वाजवली. "सांगत नव्हते मी? तुम्हाला काढायची कुणाची छाती आहे?"

फोन वाजला.

"शिमोमुरा-सान, उद्या दहाला क्लबच्या ऑफिसात या."

मी विचारलं, "गणवेशात येऊ ना?"

"नको. सूट घालून या."

मी फोन खाली ठेवला. टीव्हीवर अजून माझंच कौतुक चाललं होतं. फुमिएने आवाज बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"कपाटात पुढेच टांगलाय. परवाच इस्त्री करून आणला."