सगळ्यात पातळ ल्यूब

निकितानं रंग जुळवायच्या क्यूबच्या फटीत ल्यूबचा, म्हणजे वंगणाचा, तिसरा थेंब सोडला आणि सगळ्या बाजू गरागरा फिरवून घेतल्या. हे ल्यूब पाण्यासारखं होतं. याच्याहून पातळ काही मिळत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

समोर बाजेवर तिचा बाप लिंबाजी भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे बायकोनं, कमलबाईनं, उचलून ठेवलेला. लकव्यानं तो हात गेला तेव्हा परभणीचे डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत बोटं हलली तर हलली, नंतर आशा धरू नका. बोलून मोकळे झाले. सहावा महिना या सोमवारी संपत होता, आणि त्याच सोमवारी लिंबाजीचा भाऊ दत्तराव पाथरीहून व्यापारी घेऊन मेंढरं न्यायला येणार होता. हात नाही तर मेंढरं ठेवून करायचं काय? लोकर कातरायची ती लिंबाजीनंच. अख्ख्या झरी गावात दुसऱ्या कुणाच्या हाताखाली ती मेंढरं गप उभी राहत नसत.

बोटांना काम द्या, असंही डॉक्टर म्हणाले होते. म्हणून निकितानं आपला क्यूब काढून दिला. कॉलेजात ती तो एकोणीस सेकंदांत जुळवायची. आबांनी फक्त वरचा एक थर फिरवायचा, एवढंच. आधी तिनं जाड ल्यूब घातलं, भरभर फिरवणाऱ्याच्या हातात क्यूब पुढं पळू नये म्हणून घालतात ते. आबांची बोटं त्यावर नुसती पडून राहिली. मग मध्यम घातलं. मधेच एकदा ती कॉलेजात गेली असताना कमलबाईनं त्यात शिलाई मशीनचं तेल ओतलं, तर प्लास्टिक चिकट होऊन क्यूबच वाया गेला. लेक दोन दिवस मायशी बोलली नाही. नव्या क्यूबचे आतले स्क्रू तिनं सैल केले, मग आणखी सैल केले. दर महिन्याला क्यूब हलका होत गेला आणि बोटं होती तिथंच राहिली.

"करा आबा," निकिता म्हणाली.

लिंबाजीनं डाव्या हातात क्यूब धरला. कमलबाईनं त्याचा उजवा हात उचलून वर ठेवला आणि गॅसवरचं दूध बघायला वळली. लिंबाजीनं दात आवळले. त्याच्या कपाळावर घाम आला. आणि वरचा थर पाव फेरा फिरला.

वळता वळता कमलबाईनं ते पाहिलं. ती तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली आणि रडायला लागली, सहा महिन्यांत पहिल्यांदा. मग उठून तिनं पोखर्णीच्या नरसिंहाच्या दिशेनं हात जोडले, फोन घेतला आणि दत्तरावाला सांगून टाकलं, भाऊजी, व्यापाऱ्याला आणू नका, मेंढरं इकायची न्हाईत. तिकडून तो काहीबाही विचारत होता. तिनं ऐकूनच घेतलं नाही. चप्पल न घालता ती शेजारच्या सुलाबाईला बोलवायला पळाली, आणि इकडं दूध उतू गेलं.

निकितानं गॅस बंद केला. तिला हसू आवरेना. येऊन तिनं आबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"म्या न्हाई फिरवलं," लिंबाजी म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही.

"डाव्या हातात जरा कलंडलं ते. वरचा हात घसरला, त्याच्या वजनानं फिरलं. म्या लय जोर लावला, माय. बोटाला कळतच न्हाई."

निकितानं क्यूब घेतला, आपला हात सैल सोडून त्याच्यावर ठेवला आणि क्यूब तिरपा केला. थर फिरला. पुन्हा केला, पुन्हा फिरला. इतके महिने खपून तिनं मेल्या हातानंही फिरेल असा क्यूब करून ठेवला होता. तिला स्वतःची इतकी चीड आली की क्यूब भिंतीवर आपटावासा वाटला.

आजच्या दिवस मायला सांगू नको, असं लिंबाजी म्हणतोय तोवर दारात सुलाबाई आली, तिच्या मागं तिची सून, आणखी दोघी-तिघी. कमलबाईला धाप लागली होती. दाखवा की यांना, असं ती नवऱ्याला दोनदा म्हणाली. लिंबाजीनं लेकीकडं पाहिलं.

निकिता बाजेवर त्याच्या शेजारी बसली. क्यूब त्याच्या डाव्या हातात दिला, उजवा हात वर ठेवला आणि कुणाला दिसणार नाही असा खालून अंगठ्यानं क्यूब जरासा कलता केला. थर फिरला. नरसिंह पावला गं बाई, म्हणून सुलाबाईनं डोळे पुसले. बाकीच्याही काय काय बोलत होत्या. लिंबाजी मान खाली घालून बसून राहिला, आणि बायांना वाटलं, त्याला भरून आलंय.

कमलबाई आत जाऊन खुंटीवरची कातर घेऊन आली. सहा महिन्यांत तिची पाती गंजून एकमेकांना धरून बसली होती. तिनं ती लिंबाजीच्या उजव्या हाताशी ठेवली, बाजेवरची ल्यूबची बाटली उचलली आणि निकिताच्या हातात दिली.

"हिच्यातबी घाल," ती म्हणाली. "त्येच, पातळवालं."