किर्र

दार उघडून ताई उंबऱ्यातच थांबल्या. टायफॉइडनंतर आज पहिल्यांदा कामावर आलेल्या.

"हे कधीपासून?"

"काय कधीपासून?" खुर्चीतल्या कंत्राटी माणसाने विचारलं.

हॉस्पिटलच्या नेटवर्कवर लक्ष ठेवायची ही खोली. दिवसभर स्क्रीनवरचे आकडे बघून डोळ्यांची वाट लागते, म्हणून ताईंनीच सगळ्याला आवाज लावून दिले होते. माहिती आत आली की थेंब, बाहेर गेली की रातकिडा. गेले दहा दिवस तो एकटाच ऐकत होता. सुट्टी नाही, डबाही इथंच. बाकीचे त्याला कानसेन म्हणायला लागले होते आणि ते त्याला आवडायलाही लागलं होतं. त्याला कायम करायचा कागद ताईंच्या बगलेतल्या फाइलमध्ये होता. फक्त सही राहिली होती.

"किती किर्र चाललंय," ताई म्हणाल्या.

"रोजचंच आहे, ताई. कालच्याइतकंच."

"आणि काल?"

"परवाइतकंच. तापानं कान वाजत असतील तुमचे."

"माझ्या कानांचं राहू दे. तू नीट ऐक."

त्याने डोळे मिटले. अगदी मन लावून ऐकलं. थेंब पडत होते. मध्येच एखादा किडा. खोटं कशाला बोलायचं?

"नेहमीसारखंच आहे, ताई."

ताईंनी फाइल टेबलावर टाकली आणि उभ्या उभ्याच कीबोर्ड ओढला. दोन मिनिटं नुसती टकटक.

"पेशंटांचे रिपोर्ट चाललेत," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बाहेर ओढतंय. पहिल्या दिवशी मूठभर नेले. मग रोज थोडे थोडे वाढवत."

"पण मी तर इथंच..."

"इथंच होतास. म्हणून तर."

कोपऱ्यातलं कपाट उघडून त्यांनी बाहेर जाणाऱ्या लाइनची वायर उपसली.

किर्र थांबली. खोली एकदम केवढी तरी मोठी झाली. पलीकडच्या भिंतीतला पाण्याचा पाइप ऐकू आला. ताईंचा श्वास ऐकू आला, आजारपणाने जड झालेला. तो खुर्चीतून उठला.

"ताई, मी एक दिवससुद्धा खाडा केला नाही हो," तो म्हणाला.

म्हणाला कसला, ओरडला. समोरासमोर उभं राहून, बहिऱ्याशी बोलावं तसा. किती दिवस तो सगळ्यांशी असाच बोलत होता, कुणास ठाऊक.