एकशे बारावा अंक

"संपादक, तुम्ही खोटारडे आहात. आणि नुसते विसरला असाल, तर त्याहून वाईट आहात."

एवढं लिहून कवळीवाल्याने पेन टेबलावर आपटलं. कारखान्यात तो एकटाच होता. कारखाना म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. इतके जबडे, पण बोलणारा एक नाही. साचा भरण्यासाठी वाडग्यात प्लास्टर नुकतंच कालवून ठेवलं होतं. पण आधी हा राग उतरवायला हवा होता.

समोर 'पोलादपंख' या चित्रकथेचा चारशे एकोणनव्वदावा अंक उघडा पडला होता. पोलादपंख चौथ्यांदा मेला होता आणि पान उलटेपर्यंत जिवंतही झाला होता. तेही कवळीवाल्याने चालवून घेतलं असतं. पण एकशे बाराव्या अंकात पोलादपंखाच्या थोरल्या भावाने गुहेचं कोसळतं दार खांद्यावर पेललं होतं. "तू नीघ," म्हणाला होता. "दादा, मदत घेऊन आलोच," म्हणत धाकटा उडाला. त्याला आता एकतीस वर्षं झाली. मधल्या काळात पठ्ठ्याने दोन लग्नं केली, चंद्रावर जाऊन आला. गुहेकडे मात्र फिरकला नाही.

कवळीवाल्याने हे सगळं लिहून काढलं. खाली स्वतःचं नाव घातलं, त्याखाली धाकट्या भावाचं. पहिला अंक दोघांनी एकाच पांघरुणात वाचला होता, म्हणजे तक्रारही दोघांची. तरी विचारलेलं बरं, म्हणून त्याने फोन लावला.

"बोल दादा, पटकन बोल. घरी पाहुणे आलेत."

"त्या चोरांना पत्र लिहितोय. तुझंही नाव टाकलंय."

"कुठले चोर?"

"पोलादपंखवाले. थोरल्याचं काय केलंत म्हणून विचारलंय."

"कुठला थोरला?"

कवळीवाला हसला. "चेष्टा पुरे. दार कोणी धरलं होतं?"

"दादा, मी ते वाचायचं कधीच सोडलं रे. सहा-सात वर्षं झाली असतील."

"अरे, गेल्याच महिन्यात म्हणालास, अंक झकास आहे!"

"तू एवढ्या हौसेने फोन करतोस. म्हटलं, कशाला मोडा तुझं मन." मागून कोणीतरी त्याला हाक मारली. "थांब हं, पाच मिनिटांत मीच करतो फोन."

कवळीवाल्याने फोन टेबलावर ठेवला. हात बरबटलेले असताना वाजला तर उचलायचा कसा, म्हणून त्याने वाडग्याला हात लावला नाही. प्लास्टर घट्ट होत गेलं. वाडगं आधी गरम झालं, मग निवलं. तासाभराने त्याने प्लास्टरवर बोटाने टकटक केलं. दगड. कालवायची पट्टी त्यात उभीच्या उभी अडकली होती.

त्याने पत्र पुढे ओढलं. धाकट्याच्या नावावर एक रेघ मारली, नाव वाचता येईल अशी. खाली लिहिलं:

"तो अजून दार धरून उभा आहे. त्याच्या खांद्याचं काय झालं असेल, याचा कोणी विचार केलात? कोणी येणार नसेल तर तसं त्याला सांगा. म्हणजे दार सोडून देता येईल. येणार आहे की नाही? एका ओळीत लिहा, पण उत्तर द्या."