तीन दिवसांची जाळी

रस्त्यासाठी गोदाबाईच्या शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा निंब तोडणार होते. आदल्या सांजेला मधमाश्या पाळणाऱ्या शालिकरामने निंबाच्या ढोलीतल्या माश्या पेटीत घेतल्या, पेटी तिच्या अंगणात ठेवली आणि तोंडाला जाळी ठोकली.

"तीन दिवस खोलू नको, मावशी. कोंडून ठेवलं का माश्या जुनी जागा इसरून जातेत."

"खरंच इसरतेत?" तिनं दोनदा विचारलं. तिचं तान्हं लेकरू त्याच निंबाखाली पुरलं होतं. चाळीस वर्षं ती तिथे रोज वाटीभर दूध ठेवायची.

झाड पडलं, तशी गोदाबाईनं घराला आतून कडी घातली.

चौथ्या दिवशी शालिकरामने जाळी काढली. माश्या थेट अंगणातल्या शेवग्याच्या फुलांवर गेल्या. मागे घराची आतली कडी निघाली.

 

गोदाबाई दुधाची वाटी घेऊन निघाली आणि नव्या रस्त्याच्या मुरमात, निंब होता बरोब्बर तिथे, जाऊन बसली.