भूपातला निषाद

“जुनं सगळं भंगारात काढलं. निकालाचं हे सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून आम्ही नव्यानं लिहिलंय,” विद्यापीठाच्या संगणक विभागाचे प्रमुख शिंत्रे माइकवरून म्हणाले. पहिल्या रांगेतल्या निवृत्त प्रोग्रॅमर रेंदाळकरांनी मघाशी सत्कारात मिळालेला नारळ गच्च आवळला.

भंगार! याच माणसाला त्यांनी हाताला धरून प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यानं साधा चहाही पाजला नव्हता.

रेंदाळकरांना पेटीचा नाद. निकाल तयार झाला की संगणकानं भूप रागाची धून वाजवून डुलक्या घेणाऱ्या ऑपरेटरला उठवावं, अशी सोय त्यांनी आपल्या त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. घाईत तिच्यात भूपाला वर्ज्य असलेला निषाद स्वर घुसला, तो काढायचा राहूनच गेला.

शिंत्रेंनी बटण दाबलं. पडद्यावर निकाल झरझर सरकला आणि सभागृहात भूप घुमला, निषादासकट. कुलगुरूंनी कौतुकानं मान डोलावली.

रेंदाळकर ताडकन उठले. व्यासपीठावर जाऊन त्यांनी नारळ टेबलावर आदळला.

“शिंत्र्या, चोरायचंच होतं तर कान उघडे ठेवून चोरायचंस. भूपात निषाद नसतो. ती चूक माझी आहे!”