तिथं कमी काय आहे?

“मग तिथं कमी काय आहे?” मावशीने तिसऱ्यांदा विचारलं.

अलीकडे भाची. मध्ये रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं लांब टेबल, टेबलापलीकडे मावशी आणि तिच्या शेजारी प्रयोगशाळा सांभाळणारे काका. मावशी या लहानशा कॉलेजात शिकवायची आणि भाची तिचीच विद्यार्थिनी होती. उद्या मोठ्या विद्यापीठात मुलाखत. तिसऱ्या वर्षाला तिथे बाहेरून अगदी मोजकी मुलं घेतात. गेल्या वर्षी, दुसऱ्या वर्षासाठी गेली तेव्हा, गाडी याच प्रश्नाशी अडली होती. “आमच्या कॉलेजात काहीच कमी नाही,” असं ही बया म्हणून बसली. “मग तिथंच राहा की,” समितीवाले म्हणाले आणि हसत हसत त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं. यंदाची संधी शेवटची. तिसऱ्यानंतर तिथे कुणाला घेत नाहीत.

म्हणून ही रंगीत तालीम. मावशीने त्यासाठी ॲप्रन काढून ठेवला होता आणि चष्मा नाकाच्या टोकावर ओढला होता. काकांना न बोलणारे सभासद केलं होतं. “प्रत्येक समितीत असा एक असतोच,” तिने त्यांना समजावलं होतं. “नुसतं बघत राहायचं. मुलं त्यालाच जास्त घाबरतात.” काकांनी भुवया ताणून ते काम फारच मनावर घेतलं होतं.

“तुमचं नाव मोठं आहे,” भाची म्हणाली.

“ते आम्हाला ठाऊक आहे. पुढे.”

“ग्रंथालय मोठं आहे.”

“मग वाचून परत जा. पुढे.”

“तुमची यंत्रं चांगली आहेत. आमच्याकडचा तराजू जुना आहे. वजन करताना पंखा बंद करावा लागतो, नाहीतर काटा हलत राहतो.”

“आपल्या तराजूला काय झालंय?” काका म्हणाले.

“काका, तुम्ही बोलायचं नाही.”

“नाही, पण उद्या चारचौघांत जाऊन तराजूचं नाव घेणार म्हणजे...”

तराजू म्हणजे काकांचा जीव की प्राण. या प्रयोगशाळेची एक रीतच होती. कुणी वजन करायला बसलं की बाकीच्यांनी हातातलं काम थांबवायचं, बटणाजवळ जो असेल त्याने पंखा बंद करायचा आणि काटा ठरेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हसू येतं, मग अंगवळणी पडतं. भाची तर शाळेत असल्यापासून इथे येऊन बसायची. घरात कुणाला न आवरणारी तिची बडबड पंखा बंद झाला की आपोआप थांबायची.

मावशीने चष्मा काढला.

“हे बघ, तू भिडेखातर गप्प बसतेस ते मला कळतं. पण खरं काय ते सांगून टाक. आपल्याकडे रसायनं परीक्षा झाल्यावर येतात. चौघांत मिळून एक बर्नर. सगळे विषय एकच बाई शिकवते.”

“ती बाई तू आहेस.”

“मग? उद्या मी थोडीच तिथं असणार आहे. खुशाल सांग. माझ्या अंगाला काही भोकं पडत नाहीत.”

हसत हसत म्हणाली खरी, पण एक भोक आधीच पडलेलं होतं. मागच्या महिन्यात भाचीने भर वर्गात एक प्रश्न विचारला होता. मावशीने आठवडाभर पुस्तकं पालथी घातली आणि शेवटी त्याच वर्गात उभं राहून सांगितलं, “हे मला येत नाही.” इतक्या वर्षांत असं म्हणायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ते तिला फार लागलं. त्याच दिवशी तिने ठरवलं की काही झालं तरी पोरीला इथून पाठवायचंच. लागलं होतं, ते मात्र तिने कुणाला कळू दिलं नाही.

भाची उठली. भिंतीपाशी गेली आणि तिने पंखा बंद केला.

पाती हळूहळू थांबली. काकांची नजर सवयीने तराजूकडे गेली, पण तिथे तर काहीच ठेवलेलं नव्हतं. तरी कुणी बोललं नाही. भाची परत येऊन खुर्चीत नीट बसली.

“विचारा, मॅडम.”

“तिथं कमी काय आहे?”

“मला शिकवायचं असं आता तिथं काही उरलेलं नाही,” भाची म्हणाली. “आमच्या मॅडमना जे येतं ते सगळं त्यांनी मला दिलं. हातचं काही राखलं नाही. मग मी एकदा असा प्रश्न विचारला, की त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, हे मला येत नाही. असं म्हणणारं दुसरं कुणी मी अजून पाहिलेलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी इथं आले आहे. सापडलं की आधी जाऊन त्यांना शिकवणार आहे.”

मावशीला समितीसारखं काहीतरी तिखट विचारायचं होतं. पण महिनाभर जे ती मनात लपवून बसली होती, तेच पोरीने असं मिरवत समोर आणलं होतं. तिचा ऊर अभिमानाने भरून आला.

काकांना राहवलं नाही. “मॅडम, मी न बोलणारा आहे,” ते म्हणाले, “पण हिला घ्या.”

मावशीने टेबलावरचा ॲप्रन उचलला आणि त्याच्याच बाहीने डोळे पुसले.

“आपल्याला घ्यायची कुठे आहे, काका,” ती म्हणाली. “आपल्याला द्यायची आहे.”