खळदकरबाईंचा राजीनामा

“ही बाई हुकूमशहा आहे!” ऑनलाइन ज्ञानकोशाच्या चर्चापानावर तोरसेकरांनी पुन्हा लिहिलं. खळदकरबाई तिथल्या बिनपगारी प्रचालक, म्हणजे लेखांवर देखरेख ठेवणाऱ्या. तोरसेकरांनी आपल्या मामांच्या रसवंतीवर लिहिलेला लेख बाईंनी संदर्भ नाही म्हणून काढून टाकला होता.

बाई वैतागल्या. “मग तुम्हीच सांभाळा,” असं लिहून त्यांनी राजीनामा दिला. दुसरं कुणी तयार होईना, म्हणून तोरसेकर प्रचालक झाले.

आठवड्यातच त्यांचा फोन आला. “बाई, लोक स्वतःच्या मांजरांवर लेख लिहितात. काढला की माझ्या घरच्यांचा उद्धार करतात. तुम्ही कसं सोसलंत?”

“आधी चहा प्यायचा, मग उत्तर द्यायचं.”

“मी दिवसभर चहाच पितोय हो. परत या ना!”

शेवटी तोरसेकरांनीच बाईंचं नाव सुचवलं. कारण लिहिलं, ‘यांना शिव्या पचतात.’ बाई भरघोस मतांनी निवडून आल्या. विरोधात एकच मत पडलं, ते त्यांचं स्वतःचं.